आमच्या गायरानातली झाडे

आमची जमीन अडीच एकर. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, माळाच्या उतरणीला. अडीच एकर म्हटले की शहरातल्या माणसाला ती फार वाटते. पण ती मुरमाड आहे. वरच्या बाजूला फूटभर माती, खालच्या बाजूला दगड. मूळचे हे गायरान. माझे वडील १९६४ च्या डिसेंबरात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात गेले होते आणि काही दिवस तुरुंगातही राहून आले होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून फोडून हाताला घट्टे पडले. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवले की फोडायचेच असतील तर दगड आपल्या वावरातले फोडू. १९७४ साली त्यांनी आणि आईने ही पडीक जमीन कसायला घेतली. किती वेळा हुसकावून लावले, किती वेळा उभ्या पिकात जनावरे घातली, त्याचा हिशेब नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, आणि त्यानंतर बऱ्याच खेटा मारून जमीन वडिलांच्या नावे झाली.

१९९८ साली वडील वारले. मी एस. टी. त मेकॅनिक, बिऱ्हाड नांदेडला. धाकटा भाऊ भिवंडीला. दोन-चार वर्षे बटईने दिली, मग बटईवालाही कंटाळला आणि जमीन पडीक राहिली. मी वर्षातून एकदा जायचो, धुऱ्यावर उभा राहायचो, चहा पिऊन परत यायचो. त्याला शेती बघणे म्हणत नाहीत, पण मी तसे म्हणायचो.

२०१६ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले होते. आमच्या गावची विहीरही तळाला गेली होती. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इतका पाऊस झाला की नाल्याला पूर आला. आमची माणसे म्हणतात तसे, मराठवाड्यात पाऊस एक तर येत नाही, नाही तर जात नाही. त्या पावसात आमच्या माळावर जे जे काही बी म्हणून पडले होते ते सारे वर आले. ऑक्टोबरात मी गेलो तर जमीन ओळखू येईना. गुडघाभर, कमरेभर, काही ठिकाणी डोक्याइतकी रोपे. बाभूळ, लिंब, बोर, सीताफळ, पळस एवढी पाच नावे मला सांगता आली. बाकीच्या झाडांना मी फक्त ‘झुडूप’ म्हणत होतो. ज्या जमिनीसाठी वडील तुरुंगात गेले, तिच्यावर काय उगवते हे मला ठाऊक नव्हते. बसचे इंजिन चालू केल्याबरोबर कानाने बिघाड सांगणारा मी माणूस. इथे मात्र आंधळा.

मी काय करावे? दोन मजूर लावले आणि ‘सगळं साफ करा’ म्हणून सांगितले. अर्ध्या दिवसात त्यांनी बराच कोपरा मोकळा केला. आई तेव्हा नांदेडला होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची म्हणून तिला मुलाकडे ठेवले होते. पुढे ती गावी आली तेव्हा त्या कोपऱ्यातली खुंटे बघून म्हणाली, “भोकराची दोन रोपं तोडलास की रं. लोणचं घातलं असतं दरसाली.” मी म्हटले, “माय, मला काय ठावं?” ती म्हणाली, “ठावं नव्हतं तर इचारायचं व्हतं. कुऱ्हाड लावायची घाई कशाला?”

पण ती येण्याअगोदर जे घडले ते सांगितले पाहिजे. ते सांगायलाच मी लिहायला बसलो आहे.

२०१७ ची दिवाळीची सुट्टी. नांदेडहून नात आणि नातू आले होते. नात चौथीत, नातू सहा वर्षांचा. शेजारच्या घरची दोन लेकरे त्यांच्याबरोबर. आम्ही आखाड्यावर भाकरी खाऊन टेकलो होतो. आमच्या खालच्या धुऱ्याला हिरव्यागार झुडपांचे कुंपण होते. बायोडिझेलचा गाजावाजा झाला होता, २००३ च्या मागेपुढे, त्या काळात कोणीतरी फांद्या खोचल्या होत्या. त्या जगल्या. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला बरे, एवढेच मला माहीत. त्याला सुपारीएवढी फळे धरली होती, काही हिरवी, काही पिवळी, काही वाळून काळपट. लेकरांनी वाळलेली फळे फोडली. एकेका फळात तीन-तीन काळ्या बिया. आतला गर पांढरा, चव भुईमुगासारखी. नातीने एक चाखून थुंकली. ‘मोठी माय म्हणती ते ठावं नसलेलं खाऊ नये,’ असे तिने सांगितले, पण बाकीच्या तिघांनी चार-चार, पाच-पाच खाल्ल्या.

तास-दीड तासाने नातू ओकू लागला. मग शेजारचे थोरले. मग धाकटी. पोटात कळा, परत ओकारी, नंतर जुलाब. कोणी म्हणाले मिठाचे पाणी पाजा, कोणी म्हणाले ताक पाजा, कोणी म्हणाले बाहेरचे काही लागले असेल. हे शेवटचे म्हणणारी माणसे अजून आपल्यातून गेलेली नाहीत, हे सांगताना वाईट वाटते. आम्ही काही न पाजता तिघांना एका टेम्पोत घातले आणि सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, “कोणत्या झाडाची बी खाल्ली?”

मी म्हणालो, “कुंपणाचं झुडूप आहे, हिरवं.”

“नाव?”

मला नाव सांगता आले नाही. साठीला आलेला माणूस, स्वतःच्या धुऱ्यावरच्या झाडाचे नाव सांगू शकला नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सलाईन लावली आणि एवढेच म्हणाले, “कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, प्रत्येकाचा धोका वेगळा. एक फांदी आणि फळ घेऊन या, लवकर.” तेवढ्यात माझ्या नातीने फ्रॉकच्या खिशातून दोन बिया आणि फुटके टरफल काढून टेबलावर ठेवले. वॉर्डातल्या सिस्टर पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “चंद्रज्योत आहे सर. दरसाल येतात अशी लेकरं, शाळेतून तर घोळकेच्या घोळके.”

चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे झाड. बियांत तेल भरपूर, म्हणून बायोडिझेलसाठी त्याचे एवढे कौतुक झाले. पण त्याच बियांत विषही आहे. चव कडू नाही, हाच मोठा घात. कडू असती तर लेकराने थुंकून टाकली असती. त्यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. अंगातले पाणी कमी होऊ न देणे, सलाईन देणे, लक्ष ठेवणे हाच उपचार. आमची तिन्ही लेकरे दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसली आणि बिस्किटे मागू लागली. त्या रात्री मात्र मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून होतो. शेजारच्या घरची बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिने काही बोलावे, शिव्या द्याव्यात, असे मला वाटत होते.

आपल्या वस्त्यांच्या कडेला, शाळांच्या कुंपणाला, विहाराच्या मागे हे झुडूप सर्रास आहे. पान तळहाताएवढे, तीन ते पाच उथळ कोनांचे. देठ मोडला की चिकट पाणी येते. लेकरांना दाखवून ठेवा. आणि कधी दुर्दैवाने तशी वेळ आलीच, तर घरी काहीबाही पाजत बसू नका. लेकरू आणि त्या झाडाची फांदी, दोन्ही घेऊन दवाखाना गाठा.

आई गावी आली तेव्हा तिला सगळे सांगितले. तिने धुऱ्यावर जाऊन एक पान चुरगाळले आणि म्हणाली, “मोगली येरंड. आमी ह्येच्या चिकानं लहानपणी फुगे काढायचो. पर बी न्हाई खायाची. हे बी सांगाया लागतं व्हय?”

मी म्हटले, “माय, सांगावंच लागतं. मला कोणी सांगितलं?”

त्यावर ती गप्प बसली. खरे म्हणजे तिने मला सांगितले नाही, कारण मी शिकावे म्हणून तिने मला या सगळ्यापासून लांब ठेवले होते. तिला सरपणाची मोळी डोक्यावर होती म्हणून झाडे माहीत झाली. माझ्या डोक्यावर मोळी येऊ नये म्हणून ती पहाटे चारला उठायची. मी शाळेत गेलो, आय. टी. आय. केले, नोकरीला लागलो. जी विद्या मोळीबरोबर येत होती, ती मोळीबरोबरच गेली. यात दोष कोणाला द्यायचा?

त्या आठवड्यात नातीने वही घातली. शंभर पानी, शाळेची. आई चालायची पुढे काठी टेकत, नात मागे वही घेऊन, मी खुरपे घेऊन. ज्याचे नाव कळेल ते वहीत. ज्याचे कळणार नाही त्याला चिंधी बांधायची. लाल चिंधी, पिवळी चिंधी, निळी चिंधी.

आईची झाड ओळखण्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. डोळ्यांनी ती शेवटी बघायची. अगोदर देठ मोडायची. चीक आला का, पांढरा की पाण्यासारखा. मग पान चुरगाळून वास. मग खोडावर नख. मग विचारायची, “शेळी खाती का ह्येला?” तिच्या जगात झाडांच्या दोनच जाती, शेळी खाते ती आणि शेळी खात नाही ती. त्याच्या आत पुन्हा जळतनाचा हिशेब. धावड्याचा आणि बाभळीचा जाळ चांगला, पळसाचा धूर फार, महारुखाचे लाकूड पोकळ, चुलीत नुसते भुसभुसते. आणि त्याच्याही आत भुकेचा हिशेब. बहात्तर साली काय काय खाल्ले ते ती बोटांवर मोजायची. तरोट्याचा कोवळा पाला, कुरडू, घोळ, उंबराची कच्ची फळे. “मिलोची भाकर गिळत नव्हती, तवा तरोट्यासंगं गिळायचो,” असे ती सहज सांगायची आणि नात ते वहीत लिहून घ्यायची.

महारुखावरून एक आठवण. हे झाड आमच्या वरच्या धुऱ्याला उभे आहे. रुख म्हणजे झाड आणि महारुख म्हणजे मोठे झाड, एवढाच त्या नावाचा अर्थ. पण लहानपणी गावातली पोरे त्याच्याखाली आम्हाला बघितले की ‘तुमचं झाड, तुमचं झाड’ म्हणून खिदळायची. मी त्या वाटेने जायचे टाळायचो. इतक्या वर्षांनी नातीने सहज विचारले, “आबा, याला महारुख का म्हणतात?” मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, “मग बरोबर आहे, मोठंच आहे की.” आणि पुढे गेली.

याच महारुखाच्या पायी पहिली खरी अडचण आली. आमच्या जमिनीत तीन प्रकारची रोपे होती आणि तिन्ही मला लिंबच वाटत होती. मुलाने मोबाईलवर फोटो काढून नाव शोधले. मोबाईलने तिन्हीला कडुलिंब ठरवून टाकले. आई म्हणाली, “एक लिंब हाय, एक बकाण हाय, आन् त्यो महारुख.” मोबाईल खरा की माय खरी? त्या वेळी नांदेडला गेलो असताना ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे तिन्हीच्या फांद्या वर्तमानपत्रात दाबून नेल्या. वनस्पतिशास्त्र शिकवलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला, एक मिनिटही लावला नाही, आणि म्हणाले, “आईंचे बरोबर आहे.”

मग त्यांनी मला जे समजावले ते मी मेकॅनिकच्या डोक्याने धरून ठेवले. ते म्हणाले, पान कशाला म्हणायचे हे अगोदर ठरवा. पानाच्या बगलेत डोळा असतो. लिंबाच्या काडीवर जी बारीक पाने दिसतात, त्यांच्या बगलेत डोळा नाही. डोळा त्या सबंध काडीच्या बुडाशी आहे. म्हणजे ती सबंध काडी हेच एक पान आणि बारीक पाने ही त्याची दले. आता लिंबाची काडी एकच, तिला दोन्हीकडे दले, विळ्यासारखी वाकडी आणि कातरलेली. बकाणाच्या काडीला पुन्हा काड्या फुटतात आणि त्यांना दले. महारुखाची काडी लिंबासारखी एकच, पण हात-हातभर लांब, दले मोठी, बुडाशी तिरपी, आणि चुरगाळली तर नाक धरावे असा वास. फळांत तर शंकाच नको. लिंबोळी लांबट आणि मऊ. बकाणाचे फळ गोल, आत टणक आठोळी, पानगळ झाली तरी झुबक्यांनी झाडावर लोंबत राहते आणि खाण्यास विषारी. महारुखाचे फळ म्हणजे चपटा, पिळवटलेला पंख आणि मधोमध एक बी.

रोपांविषयी त्यांनी आणखी एक सांगितले. लेकरू जसे बापासारखे लगेच दिसत नाही तसे रोपही झाडासारखे दिसत नाही. कडुलिंबाच्या अगदी कोवळ्या रोपाची पहिली पाने तीनच दलांची आणि खोल कातरलेली असतात. म्हणून रोप बघून एकदम नाव ठेवू नका. पाने समोरासमोर येतात की एकाआड एक, चीक आहे का, काटे कुठे आहेत, वास कसा, एवढे लिहून ठेवा आणि फूल येईपर्यंत थांबा. त्यांच्या कपाटात डॉ. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरचा १९९८ साली निघालेला इंग्रजी ग्रंथ होता. तो त्यांनी उघडून दाखवला. मला त्यातले फारसे कळले नाही, पण आमच्या भागाच्या झाडाझुडपांवर एका माणसाने आयुष्य घालून एवढे लिहिले आहे हे बघून बरे वाटले. गाव-तालुक्यांची नावे वाचत गेलो.

गावांच्या नावांवरून आठवले. आमच्या दोन जिल्ह्यांत भोकर आहे, उमरी आहे, लिंबगाव आहे, बाभळगाव आहे. पिंपळगाव आणि सावरगाव तर जागोजागी. ज्या काळी ही नावे पडली त्या काळी माणसे झाडावरून गाव सांगत होती. आता लातूरकडे तर जंगल नावालाच उरले आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे साग, मोह, तेंदू अजून बघायला मिळतात. मी एकदा नातीला घेऊन किनवटला गेलो. तिथले बाजाराला आलेले गोंड आणि कोलाम बांधव ज्या सहजतेने पान ओळखतात ते बघून मला माझ्या आईचीच आठवण झाली.

आता विहाराच्या झाडाची गोष्ट. धम्मदीक्षेला ५० वर्षे झाली म्हणून २००६ च्या ऑक्टोबरात आमच्या वस्तीतल्या तरुणांनी विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष लावला. रोप रोपवाटिकेतून विकत आणले होते. पान हृदयाच्या आकाराचे. दरवर्षी पौर्णिमेला त्याच्याभोवती मेणबत्त्या लागायच्या. झाड चांगले वाढले. आणि काही वर्षांनी त्याला पिवळी फुले आली. भेंडीच्या फुलासारखी, संध्याकाळी गुलाबी-लालसर पडणारी.

लोकांना आनंद झाला. काहींनी फोटो काढले. आई मात्र नांदेडहून आल्यावर एकदा विहारात गेली, झाडाखाली थांबली, एक पान तोडले, देठ दाबला आणि म्हणाली, “ह्यो पिंपळ न्हाई. पारस पिंपळ हाय.”

सभेत मोठा गोंधळ झाला. तिचे म्हणणे खरे होते. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते, देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि त्याची फुले बाहेर दिसतच नाहीत, ती वड-उंबरासारखी फळाच्या आत असतात. पारस पिंपळाचे घराणे भेंडी-कापसाचे. पान तेवढे पिंपळासारखे, पण शेपटी आखूड. बारा वर्षे आपण भलत्याच झाडाला वंदन केले म्हणून काही जण चिडले. एक जण म्हणाला, तोडून टाकू आणि खरा पिंपळ लावू. रोपवाटिकेवाल्याला जाब विचारण्याचीही भाषा झाली. आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “त्या झाडानं तुमाला सांगितलं व्हतं का, मी बोधी हाय म्हून? तुमीच नाव ठिवलं. आता सावली देतंय तर देऊ द्या की.”

पोरे हसली आणि भांडण मिटले. बुद्धगयेचे आज उभे असलेले झाडही मूळचे नाही. जुने १८७६ च्या सुमारास पडल्यावर कनिंगहॅम साहेबांनी १८८१ च्या आसपास तिथे पुन्हा रोप लावले, हे आमच्या एका शिक्षकांनी त्या वेळी सांगितले. मग पडक्या विहिरीच्या कठड्यात उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट जपून काढले आणि विहाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावले. आता दोन्ही उभी आहेत. पारस पिंपळाखाली बायका बसतात, कारण त्याची सावली अगोदर वाढली.

चंदनाची गोष्ट मात्र मला सांगावीशी वाटत नाही. पण लपवून काय उपयोग? २०१८ साली एक व्यापारी आखाड्यावर आला. म्हणाला, सगळी झुडपे मी माझ्या माणसांकडून साफ करून नेतो, वर तुम्हाला तीन हजार देतो. मला बरेच वाटले. आई म्हणाली, “फुकट साफ करून वर पैका देतो म्हंजी त्याला कायतरी दिसलंय.” दुसऱ्या दिवशी आम्ही सगळा उतार धुंडाळला. बाभळीच्या आडोशाला पाच झाडे, मनगटाएवढी ते मांडीएवढी. पाने समोरासमोर, गुळगुळीत, खालून फिकट. फळ वाटाण्याएवढे, काळे. आईने ओळखले आणि प्राध्यापकांनी फांदी बघून दुजोरा दिला. पाखरे बी टाकतात आणि रोप दुसऱ्या झाडाच्या मुळांना मुळे लावून अर्धे पोट त्याच्यावर भरते, म्हणून ते बाभळीखाली. पानाला वास नाही, वास आतल्या गाभ्याला, आणि गाभा धरायला वर्षानुवर्षे लागतात.

आपल्या जमिनीतले असले तरी चंदन परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ यांच्याबरोबर चंदनही आहे. त्या व्यापाऱ्याने तोडून नेले असते तर लाकूड त्याचे आणि चौकशी माझ्या मागे लागली असती. गायरान नियमित झालेल्या माणसाने कागदाच्या भानगडीत पडू नये, हे वडिलांचे सांगणे मला पाठ आहे. मी व्यापाऱ्याला नाही म्हणालो.

पण तोंड बंद ठेवले नाही. एवढे झाड ओळखल्याचा आनंद, तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. चहाच्या टपरीवर बोललो, एस. टी. तल्या जुन्या सोबत्यांना फोन केले. २०२० च्या हिवाळ्यात एका रात्री पाचांपैकी सर्वांत जुनी दोन झाडे बुडातून कापून नेली. खुंटांवर भुसा तेवढा राहिला होता, त्याला वास येत होता. पंचनामा झाला. नाव माहीत नव्हते तोवर ती झाडे सुखरूप होती, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. उरलेल्या तिघांविषयी मी गावात बोलत नाही, आणि गावाचे नावही म्हणूनच लिहिले नाही.

आई २०२२ च्या उन्हाळ्यात गेली. नव्वदीला टेकली होती. तोवर वहीत ४३ नावे झाली होती. चार चिंध्या शिल्लक होत्या. आणि वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी होती, ती नातीने आपल्या बुद्धीने केली होती. आई बोलता बोलता ज्या झाडांची नावे घ्यायची, पण जी आमच्या जमिनीत दाखवता येत नव्हती, ती नावे. तिवस. वावळ. शिवण. मेडशिंग. ही तिच्या माहेरची झाडे, लातूरकडच्या माळावरची. मेडशिंगाविषयी तिने सांगितलेले नातीने तसेच उतरवले होते : ‘शेंगा मेंढ्याच्या शिंगावानी वाकड्या. फूल पांढरं, रातचं फुलतं. सकाळी खाली सडा.’

निळ्या चिंधीचे रोप आईने बघितले होते. तेव्हा ते गुडघ्याएवढे होते, शेळ्यांनी शेंडा खाल्लेला, पाने धुळीने माखलेली. तिची नजर तेव्हा पुन्हा कमी झाली होती. तिने पाने चाचपली, वास घेतला, मान हलवली. “फूल येऊ द्या. मग सांगते,” म्हणाली. मी त्याला काट्यांचे आळे केले आणि विसरून गेलो.

२०२४ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन नात गावी आली होती. उकाड्यामुळे आम्ही आखाड्यावरच झोपलो होतो. पहाटे ती पाणी प्यायला उठली आणि मला हलवून जागे केले. निळी चिंधी उन्हाने पांढरी पडली होती, पण होती. झाड माझ्या डोक्याच्या वर गेले होते. खाली मुरुमावर पांढरी फुले पडलेली, लांब नळीची, अजून ताजी. शेंगा त्याला पावसाळ्यानंतर धरल्या, चपट्या आणि वाकड्या. पण नातीने तेवढी वाट बघितली नाही. तिने तिथेच बॅटरीच्या उजेडात वही काढली. निळ्या चिंधीच्या ओळीपुढे नाव लिहिले आणि शेवटच्या पानावरचे ‘मेडशिंग’ खोडले. त्या पानावर अजून तीन नावे आहेत.